पगार आहे, स्लिप नाही

गृहकर्जाच्या अर्जावर उत्पन्नासाठी ठळक चौकटी दोनच असतात, पगारदार आणि व्यावसायिक. दुसऱ्याच्या घरी जाऊन मूल सांभाळणारी बाई यांतल्या कुठल्या चौकटीत बसते, यावर तिला कर्ज मिळेल का, किती मिळेल आणि कोणत्या व्याजाने मिळेल हे बरेचसे ठरते. पगारदाराकडे बँक काही महिन्यांच्या पगार स्लिपा, फॉर्म १६ आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा मागते. व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि धंद्याची नोंदणी. मूल सांभाळणाऱ्या बाईकडे यातले बहुधा काहीच नसते. पगार तिला दर महिन्याला मिळतो, पण रोख आणि हातावर.

कामाचे स्वरूप पाहिले तर ती पगारदारच. वेळ समोरचे घर ठरवते, बाळाला काय भरवायचे आणि केव्हा झोपवायचे हे तेच घर सांगते, सुट्टीही विचारून घ्यावी लागते. हीच बाई शेजारपाजारची चार मुले आपल्या घरी सांभाळू लागली, प्रत्येकामागे दर ठरवून पैसे घेऊ लागली, की ते पाळणाघर होते आणि ती व्यावसायिक ठरते. सकाळी एका घरी नोकरी आणि दुपारनंतर स्वतःच्या ओसरीत पाळणाघर, असेही काही जणी करतात. अशा वेळी दोन्ही उत्पन्ने अर्जात वेगवेगळी दाखवावी लागतात. ती एकत्र करून ठोक आकडा लिहिला तर दोन्हींवर शंका घेतली जाते.

कायद्याने तिला कामगार मानलेले आहे. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा २००८ चा केंद्रीय कायदा घरकामगारांना मजुरीवरच्या कामगारांत मोजत होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती व्याख्या कायम आहे. त्याच २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अडचण कामगार असण्याची नाही, घर ही ‘आस्थापना’ नसण्याची आहे. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो आणि कर्मचारी राज्य विमा १० माणसांच्या. औद्योगिक संबंध संहितेने तर उद्योगाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. बँक ज्या कागदांवर विश्वास ठेवते ते सगळे आस्थापनेच्या टेबलावर तयार होतात. घरात तसे टेबलच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट हवी का याचा विचार करायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले, पण कर्जाच्या अर्जाला लागेल असा कागद त्यातून लगेच हाती येत नाही.

या उलट अंगणवाडी मदतनिसाचे पाहावे. तीही मुलेच सांभाळते. तिला पगार नव्हे, मानधन मिळते आणि सरकारी कर्मचारी म्हणून तिला मान्यता नाही. तरी ते मानधन बँक खात्यात जमा होते, नेमणुकीचा कागद असतो आणि तिची ग्रॅच्युइटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केली. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये विशेष लक्ष द्यायच्या गटांत सफाई कामगार, फेरीवाले, बांधकाम कामगार यांच्याबरोबर अंगणवाडी सेविकांचे नाव आहे. घरी जाऊन मूल सांभाळणारीचे नाव तिथे नाही. ‘इतर गट’ या शब्दांत तिला जागा मिळाली तर मिळेल.

बीड जिल्ह्यातल्या आष्टीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तालुक्याचे हे गाव नगरपंचायतीचे. जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अहिल्यानगर जवळचे आणि सप्टेंबर २०२२ पासून रेल्वेनेही जोडलेले. नवरा-बायको दोघेही शिक्षक, बँक कर्मचारी किंवा डॉक्टर आहेत अशा घरांत मूल सांभाळायला मावशी लागते. मावशीच्या स्वतःच्या घरात मात्र दुसरे उत्पन्न बहुतेकदा हंगामी असते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडत राहायची. उचल हे कर्जच, पण त्याची नोंद कुठल्याच पतमापन संस्थेकडे नसते. वेळेवर फेडली म्हणून पत वाढत नाही, आणि अंगावर राहिली तर नवऱ्याला सहकर्जदार करताना अडचण मात्र होते. त्यामुळे अशा घरात दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा बाईचा पगार हाच बँकेच्या दृष्टीने भरवशाचा आकडा असायला हवा. कागदावर तोच सर्वांत कच्चा असतो.

कागदाचा आणखी एक घोळ घरातच असतो. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा महाराष्ट्रात ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. महिना १०,००० पगाराचे वर्षाला १,२०,००० होतात. तहसीलच्या दाखल्यावर उत्पन्न जितके कमी तितके बरे, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आलेला आहे, आणि त्याला कुटुंबांपेक्षा अशा मर्यादाच जास्त जबाबदार आहेत. कर्जाच्या फाइलमध्ये मात्र तोच दाखला अंगावर येतो. एका कागदावर ४०,००० आणि दुसऱ्यावर १,२०,००० दिसले की अधिकारी कमी आकडा धरतो.

कर्जाचा हिशेब समजला की हे आकडे का महत्त्वाचे ते कळते. हाती येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग सगळ्या हप्त्यांना जावा, त्याहून जास्त नको, असा कर्ज देणाऱ्या संस्थांचा ढोबळ आडाखा असतो. १०,००० पगार आणि दुसरे कर्ज नाही असे धरले तर हप्ता ५,००० पर्यंत. पगारदार म्हणून बँकेने ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी दिले तर या हप्त्यात सुमारे साडेपाच लाख मिळतात. उत्पन्न ‘अनौपचारिक’ ठरवून गृहवित्त कंपनीने १२ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी दिले तर जेमतेम सव्वाचार लाखांपर्यंत. पगार तोच आणि हप्ताही तोच, तरी घराच्या दोन खोल्यांपैकी एक कमी होते. वयाचाही फटका असतो. हे काम अनेक जणी स्वतःची मुले मोठी झाल्यावर, चाळिशी-पन्नाशीत धरतात. पन्नाशीतल्या बाईला साठीपर्यंतच मुदत दिली तर ९ टक्क्यांनीही चार लाखांच्या आतच विषय संपतो. कमावता मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार झाली तर मुदत वाढू शकते.

बचत गटातून किंवा मायक्रो फायनान्समधून घेतलेली कर्जे इथे दोन्ही बाजूंनी मोजली जातात. त्यांचे हप्ते त्या ५,००० मधून आधी वजा होतात. पण मायक्रो फायनान्सचे हप्ते वेळेवर भरलेले असतील तर तोच पतइतिहास ठरतो. ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांचा सिबिल स्कोअर तयारच झालेला नसतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. प्रत्येक पतमापन संस्थेकडून वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मिळतो. अर्जाआधी तो पाहिला तर जामीन राहिलेल्या जुन्या कर्जासारख्या गोष्टी वेळेत समजतात.

पुरावा उभा करायचा तर सुरुवात खात्यापासून होते. पगार दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, त्याच माणसाकडून, यूपीआयने किंवा बँकेतून आला आणि शेऱ्यात ‘जून पगार’ एवढे लिहिलेले असले, की पासबुकाची ती ओळ पगार स्लिपच्या जवळ जाते. त्याच दिवशी सगळी रक्कम काढून घेतलेली दिसली तर तिचे वजन कमी होते; हजार-दोन हजार खात्यात राहिलेले अधिकाऱ्याला आवडतात. सोबत मालकांचे साधे पत्र लागते. बाई केव्हापासून कामाला आहे, कोणत्या वेळात, पगार किती आणि कसा दिला जातो, एवढे त्यात हवे. असे पत्र द्यायला घरे कचरतात. कागद दिला की उद्या पीएफ मागेल, ही भीती. वर सांगितल्याप्रमाणे घराला तो कायदा लागूच होत नाही, आणि एवढ्या पगारावर कर कापण्याचाही प्रश्न येत नाही. पत्र देणाऱ्याचे काहीही जात नाही.

प्राप्तिकराचे शून्य कराचे विवरणपत्र भरता येते आणि दोन वर्षे सलग भरले तर ते फार उपयोगी पडते. ते पगार म्हणूनच भरावे. काही एजंट सोपे म्हणून धंद्याचे उत्पन्न दाखवतात. मग विवरणपत्रात व्यवसाय, पत्रात नोकरी आणि पासबुकात पगार असे तीन सूर लागतात.

ई-श्रम कार्डाबद्दल गैरसमज आहे. ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ही नोंदणी कामगार असल्याचे सांगते, पण त्यातले उत्पन्न ज्याचे त्याने सांगितलेले असते. घरेलू कामगार मंडळाच्या ओळखपत्राला त्याहून थोडे वजन आहे, कारण त्यासाठी मालकाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. १८ ते ६० वयाच्या बाईला ही नोंदणी करता येते.

स्लिप नसलेल्यांना कर्ज देणाऱ्या गृहवित्त कंपन्याही आहेत. त्यांचा माणूस घरी येतो. महिन्याला किराणा किती, गॅस किती दिवस पुरतो, शाळेची फी, दवाखाना, सगळे विचारून लिहून घेतो, मग मालकांना फोन करून पगार ताडून पाहतो. या चौकशीचा खर्च व्याजात वसूल होतो. व्याज बदलते असेल तर व्यक्तीच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षे हप्ते नीट भरून, खात्याचा उतारा दाखवून ते कर्ज बँकेकडे वळवण्याचा मार्ग मोकळा राहतो.

इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना याच कामाची दुसरी पद्धत दिसते. ब्रिटनमध्ये घरी येणारी आया सहसा नोकरदारच मानली जाते. कुटुंबाला मालक म्हणून नोंदणी करून पगारपत्रक द्यावे लागते. अमेरिकेत २०२५ साली एका घराने घरकामगाराला वर्षात २,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले की सामाजिक सुरक्षेचा कर भरणे बंधनकारक होते. तिथे स्लिप आपोआप तयार होते, आणि तीच पुढे कर्जाला लागते.

उत्पन्नाचा प्रश्न सुटला तरी घराचा कागद राहतो, आणि आष्टीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर अर्ज बहुतेक तिथेच अडकतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, नुसत्या त्याच्यावर बँक गहाणखत करत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणांना मालमत्ता पत्रक मिळते, ते तारणाला चालते. गावात कच्चे घर असेल तर कर्जाआधी घरकुल पाहावे: ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १,२०,००० रुपये, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२,०००. नगरपंचायतीच्या हद्दीत स्वतःची जागा असेल तर शहरी योजनेतून अडीच लाखांपर्यंत बांधकामाला मदत आहे. कर्ज काढूनच घर घ्यायचे असेल तर त्याच योजनेत २५ लाखांपर्यंतच्या कर्जातल्या पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळते, जास्तीत जास्त १,८०,००० रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्के घर नावावर नसावे ही अट आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. ‘उत्पन्नाचा पुरावा अपुरा’ असे कारण असेल तर कोणता कागद कमी पडला हे विचारता येते आणि सहा महिन्यांच्या नोंदी जमवून पुन्हा जाता येते. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते.