सर्किट तेच, चिप दुसरी
डिजिटल सर्किटचा आराखडा एका तंत्रज्ञानातून दुसऱ्यात आपोआप नेताना मुख्य काम असते ते टेक्नॉलॉजी मॅपिंगचे. सर्किट काय करते ते तसेच राहते, ते कशाने बांधले ते बदलते. सॉफ्टवेअर आधी जुनी गेट उकलून साध्या नॅन्ड आणि इन्व्हर्टरचे जाळे करते. मग नव्या तंत्रज्ञानाच्या लायब्ररीतले, म्हणजे तयार गेटांच्या संग्रहातले, सेल त्यावर असे बसवते की जागा किंवा विलंब कमी व्हावा. कर्ट कॉइट्झर यांच्या १९८७ च्या डॅगन या प्रोग्रामने ही युक्ती थेट कंपायलरकडून उचलली: जाळ्याचे वृक्षांत तुकडे करायचे आणि प्रत्येक वृक्ष नमुन्यांनी झाकायचा. उसनवारी करावी तर अशी!

एफपीजीएत, म्हणजे बनवल्यावरही हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपमध्ये, तर्क गेटऐवजी लुकअप टेबलांत असतो. चार इनपुटांच्या टेबलातल्या १६ बिटांत चार चलांचे कोणतेही फलन मावते. ही टेबले कमीत कमी पातळ्यांत बसवण्याची रीत फ्लोमॅप या अल्गोरिदमने १९९४ मध्ये दिली.

खरी डोकेदुखी तर्काबाहेरची. एफपीजीएतले फ्लिपफ्लॉप सहसा ठरलेल्या मूल्याने जागे होतात; एसिकमध्ये, म्हणजे एकाच कामासाठी घडवलेल्या चिपमध्ये, ती हमी नसते, रिसेट जोडावाच लागतो. क्लॉक आणि मेमरीही नव्याने बसवाव्या लागतात.

प्रयोग करायचा असेल तर योसिस आणि बर्कलीचे एबीसी ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.