ताळेबंद वाचणारे पदवीधर

1913 साली मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वाणिज्याचे उच्च शिक्षण देणारे ते आपल्याकडील पहिलेच महाविद्यालय ठरले. कारण हिशेब ही विद्यापीठाने शिकवावयाची विद्या आहे, असे तोपर्यंत आपल्याकडे फारसे कोणास वाटत नसे. पेढीवर बसावे, मुनीमजींच्या हाताखाली कीर्द-खतावणी गिरवावी आणि वर्षअखेर तेरीज जुळविण्याइतका हात बसला, की माणूस कारकुनीस लायक झाला, अशीच सर्वसाधारण समजूत होती. आज मुंबई विद्यापीठाची तीच वाणिज्य पदवी शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात आणि मुरबाड तालुक्यातील शिवळे येथील महाविद्यालयात घेता येते, आणि भात लावणाऱ्या घरांतील मुले-मुली ती घेत आहेत, ही गोष्ट मला अत्यंत मोलाची वाटते.

हिशेबशास्त्र हा विषय म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी नव्हे. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात, जे एका खात्यास नावे पडते ते दुसऱ्यास जमा होते, हा द्विनोंदीचा पाया पहिल्याच वर्षी घातला जातो. पुढे घसारा, परिव्यय, लेखापरीक्षण, करआकारणी अशी एकेक शाखा फुटत जाते. परंतु नावे-जमेचे नियम घोकून परीक्षा उत्तीर्ण होता येत असल्यामुळे, या साऱ्यांच्या मुळाशी असलेले दोन प्रश्न पुष्कळदा विद्यार्थ्याच्या मनाला शिवतही नाहीत. ही मालमत्ता नेमकी कोणाची? आणि हा खर्च नेमका कोणत्या वर्षाचा?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास शहापूर-मुरबाडइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. येथील आदिवासी सहकारी संस्थांच्या केंद्रांवर आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने आधारभूत किमतीने भातखरेदी होते. शेतकरी गोणी आणतो, ओलावा तपासला जातो, काट्यावर वजन होते, पावती फाटते आणि भात गोदामात पडते. आता हे भात संस्थेचे काय? संस्थेच्या गोदामात आहे, संस्थेच्या सचिवाने मोजून घेतले आहे. तरीही ते संस्थेचे नाही, कारण संस्था महामंडळाची केवळ अभिकर्ता आहे आणि तिचे खरे उत्पन्न म्हणजे तिला मिळणारे कमिशन. भाताची सारी किंमत स्वतःच्या खरेदी-विक्रीत धरणारी संस्था कागदावर विनाकारण लक्षाधीश दिसू लागेल, आणि तो कागद वाचणाऱ्या सभासदाची शुद्ध फसगत होईल.

गोदामातील भाताच्या वजनात येणाऱ्या घटीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. आधारभूत खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा असलेले भात चालते. अशा एका क्विंटलात सतरा किलो पाणी आणि त्र्याऐंशी किलो कोरडा ऐवज असतो. भरडाईस जाईपर्यंत तेच भात वाळून ओलावा चौदा टक्क्यांवर आला, तर वजन साडेशहाण्णव किलो भरते. म्हणजे हजार क्विंटलांमागे सुमारे पस्तीस क्विंटल भात, कोणी मूठभरही न उचलता, हिशेबातून नाहीसे होते. यातील नैसर्गिक घट किती, हयगयीची किती, करारान्वये ती कोणी सोसावयाची, आणि संस्थेवर बोजा येणार असेल तर त्याची तरतूद त्याच वर्षाच्या हिशेबात केली आहे की नाही, हे विचारता येणे म्हणजे हिशेबशास्त्र येणे होय. ते न येणारा सचिवास एक तर चोर ठरवितो, नाहीतर डोळे मिटून सही करतो.

पदवीधराने आसनगावहून लोकल पकडून मुंबईच्या कचेरीत जावे, यात वावगे काही नाही. वाणिज्याची पदवी पंचावन्न टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमात पहिली पायरी वगळून थेट प्रवेश मिळतो, आणि तो मार्ग उत्तमच आहे. तथापि महाराष्ट्र शासनाचा सहकार विभाग शासकीय सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा घेतो, तिची वार्ता आमच्या खेड्यांतील पदवीधरांना अद्याप फार थोडी आहे. ही पदविका सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट उघडते. आणि ज्या तालुक्यांत आदिवासी संस्था, पतपेढ्या नि बचतगट आहेत, तेथे आपल्याच भाषेचा, आपलेच भात ओळखणारा लेखापरीक्षक मिळणे ही मोठी गरज आहे.

मात्र संस्थेचा हिशेब वाचण्यासाठी पदविकेचीही वाट पाहावयास नको. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 32 अन्वये प्रत्येक सभासदास संस्थेच्या कचेरीत जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे, आणि संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत भरणे बंधनकारक आहे. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींनी यंदा त्या सभेपूर्वी सभासद असलेल्या आपल्या वडिलांना किंवा आईला बरोबर घेऊन संस्थेच्या कचेरीत जावे, तो ताळेबंद मागून घ्यावा, आणि त्यातील एकेक रक्कम त्यांना समजावून सांगावी.