सर्व्हर घेताय? आधी डिस्कच्या गंज्या वेगळ्या लावा



या आठवड्याच्या व्हिडिओत डिस्क पार्टिशनवर बोललो, पण आकडे सांगायचे राहून गेले. ते इथे लिहितोय.

आधी माझा किस्सा. धनत्रयोदशीची संध्याकाळ, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि बिलिंग बंद. स्क्रीनवर एकच तक्रार, डिस्कवर जागा शिल्लक नाही. चार टीबीची डिस्क भरेल कशी? तर सर्व्हर बसवणाऱ्याने लिनक्स सिस्टीम, बिलांचा डेटाबेस आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, सगळं एकाच पार्टिशनमध्ये टाकलं होतं. जुनं रेकॉर्डिंग पुसायची सोयच लावली नव्हती. कॅमेऱ्यांनी जागा खाल्ली आणि डेटाबेसला एक ओळ लिहिता येईना. तीन तास हाताने बिलं फाडली. त्यातली काही आजही स्टॉकशी जुळत नाहीत. पैसे देताना मी काही विचारलंच नव्हतं, ही माझी चूक.

आपल्याकडे हिंगणघाट, देवळीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या एकमेकींना चिकटवून लावत नाहीत. मध्ये मोकळी वाट सोडतात, म्हणजे एकीला आग लागली तरी बाकीच्या वाचतात. पार्टिशनचं काम तेच. कॅमेऱ्याचा कप्पा भरला तर रेकॉर्डिंग थांबेल, बिल नाही.

ही कल्पना युनिक्सइतकीच जुनी आहे. १९७१ मध्ये बेल लॅब्सच्या पीडीपी-११ मशीनवर सिस्टीम एका डिस्कवर आणि लोकांच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर होत्या. त्या दुसऱ्या डिस्कचं नाव 'यूएसआर', म्हणजे यूजर. पुढे प्रोग्रॅमही तिथेच गेले आणि लोकांसाठी 'होम' आलं. नाव मात्र आजही लिनक्समध्ये तसंच आहे.

मोठ्या सर्व्हरवर तर हे टाळताच येत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासाठी सी-डॅकने हॉस्पिटल इन्फर्मेशन सिस्टीम केली (१९९१ चा 'परम ८०००' बनवणारी हीच संस्था). रुग्णालयाच्या कुठल्याही सर्व्हरचा विचार करा. रुग्णांच्या नोंदी म्हणजे लहान लहान आणि सतत होणारं लिखाण. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या फाइल्स मोठ्या, एकदा लिहायच्या आणि नंतर वाचायच्या. लॉग रोज वाढणार. तिघांची वागणूक वेगळी, म्हणून तिघांची जागाही वेगळी.

आता दुकानाचा हिशोब. चार टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि रेड-१ मध्ये जोडा, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. वापरायला चार टीबीच मिळतील. पार्टिशन टेबल जीपीटीच ठेवा, जुन्या एमबीआरला साधारण दोन टीबीच्या पुढचं दिसत नाही. त्यावर एलव्हीएम. मी सिस्टीमच्या रूटला ६० जीबी, 'व्हार'ला ६०, लॉगला वेगळे २०, 'टेंप'ला १०, स्वॅपला १६, डेटाबेसला ३००, कागदपत्रांना ४०० आणि कॅमेऱ्यांना दीड टीबी दिलेत. एक टीबीपेक्षा जास्त जागा कुणालाच दिली नाही. मुद्दाम!

कारण एलव्हीएममध्ये कप्पा चालू सर्व्हरवर वाढवता येतो. लहान करणं मात्र कटकटीचं. ईएक्सटी-४ आधी अनमाउंट करावी लागते, आणि एक्सएफएस तर लहान करायची सोयच धरू नका. म्हणून सुरुवात तंग ठेवा आणि मागणी येईल तसं द्या. नव्या दुकानात पहिल्याच दिवशी सगळं भांडवल मालात घालत नाही ना आपण?

दोन गोष्टी बरेच जण विसरतात. ईएक्सटी-४ पाच टक्के जागा रूट यूजरसाठी राखून ठेवते, म्हणजे दीड टीबीत ७५ जीबी. सिस्टीमच्या कप्प्यात ते योग्य, पण कॅमेऱ्यांच्या कप्प्यात मी एक टक्का केलंय. दुसरं, आयनोड. प्रत्येक फाइलला एक लागतो आणि ईएक्सटी-४ मध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो बारीक फाइल्स साठवल्या की जागा असूनही 'जागा नाही' असा निरोप येतो. म्हणून 'डीएफ' कमांड 'एच' लावून बघाच, 'आय' लावूनही बघा.

आणि कप्पे केले म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका भाऊ. गंज्यांमध्ये वाट सोडली तरी अख्खं गोदाम जळू शकतं. रेडवरही चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते. माझा डेटाबेस रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरतो आणि ती डिस्क घरी जाते.

ज्यांना सर्व्हर बसवून द्यायचा व्यवसाय करायचाय, त्यांनी कोटेशनमध्ये मशीनच्या किमतीखाली कप्प्यांचा तक्ता जोडावा. कुठला कप्पा, किती जागा, भरल्यावर काय बंद पडेल. मला तसा कागद कुणी दिला असता, तर दोन हजार जास्त मोजले असते. तक्त्याचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो, एका शाळेच्या सर्व्हरसाठी.