पॉटमधला आपला वाटा

गणपतीत पेण-रोह्याच्या घरांतून जागरणाला पत्ते निघतात. तीन पत्तीत चिंचोके मांडले तरी प्रश्न खराच असतो: पुढे खेळायचं की पत्ते टाकायचे?

या प्रश्नाचं गणित पोकरमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, कारण तिथे काही पत्ते उघडे असतात. समजा, तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि मांडलेल्या चारांत आणखी दोन बदाम. शेवटचा पत्ता बदाम आला तर डाव तुमचा, नाहीतर समोरच्याचा. न दिसलेले पत्ते 46, त्यांत बदाम 9. म्हणजे जिंकण्याची शक्यता सुमारे 19.6 टक्के.

पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमा ढिगात, 80 चिंचोके आहेत आणि समोरच्याने 20 लावले. तुम्हीही 20 घातलेत, तर पॉट 120 चा होतो आणि त्यात तुमचा सरासरी वाटा साडेतेवीस. वीस देऊन साडेतेवीस, म्हणून खेळावं. त्याने 80 लावले असते तर पॉट 240 चा, वाटा जेमतेम 47. ऐंशी देऊन सत्तेचाळीस! पत्ते टाकावेत.

एखादा डाव हरला म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. हिशोब अनेक डावांच्या सरासरीचा असतो.

या विचाराचं मूळ 1654 मधल्या पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आहे. अर्धवट सुटलेल्या खेळातली रक्कम न्याय्य कशी वाटायची, हा त्यांचा प्रश्न होता. दोघांनी झालेल्या डावांपेक्षा पुढच्या शक्यता मोजल्या, आणि संभाव्यताशास्त्राचा पाया घातला गेला.