घरे रिकामी, पदपथ भरलेले

बेघरांचा प्रश्न म्हणजे घरांच्या तुटवड्याचा प्रश्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आकडे मात्र निराळेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ५७ हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. आणि याच शहरात सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने नमूद केले. तेव्हा वाण आहे ती घरांची नव्हे. हमालाला भाडे परवडेल आणि कामावर पायी जाता येईल, अशा निवाऱ्याची आहे.

हे सत्य न्यायासनापुढे पूर्वीच आले होते. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा घाट राज्य शासनाने घातला. ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचा निर्वाळा दिला. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. तत्त्व प्रस्थापित झाले. छप्पर मिळाले नाही.

त्यानंतरच्या धोरणाचा भर मालकीच्या घरांवर राहिला. झोपडपट्टी पुनर्वसन योजना ठरावीक तारखेपूर्वीच्या झोपडीचा पुरावा मागते. ज्याच्यापाशी झोपडीही नाही, त्याने तो आणावा कोठून? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण घालून दिले. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे हे किमान प्रमाण काटेकोर पाळले, तरी सोय होणार सुमारे १२,४०० जणांची. पाचांतील चौघे उघड्यावरच!

म्हणून निवाऱ्यांची संख्या लोकसंख्येवरून नव्हे, तर बेघरांच्या प्रत्यक्ष मोजणीवरून ठरली पाहिजे. निवारा ही केवळ पहिली पायरी होय. १९२० च्या दशकात परकीय सरकारने गिरण्यांनजीक बीडीडी चाळी उभारून कामगारांना भाड्याच्या खोल्या दिल्या. स्वकीय शासनाला ते अशक्य का वाटावे? बाजारपेठा व स्थानकांजवळील सार्वजनिक जमिनीचा काही भाग अल्प भाड्याच्या खोल्यांसाठी राखून ठेवावा आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या सदनिकांवर जादा कर बसवून त्या खर्चाला हातभार लावावा. यास दया म्हणण्याचे कारण नाही. ज्यांच्या श्रमावर शहर स्वस्तात चालते, त्यांचे ते थकलेले देणे आहे.