उतराल तिथला ऋतू

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी राज्यभरातून माणसे येतात. याच पंचक्रोशीतली माणसे आता दूरदेशीही जाऊ लागली आहेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावला कोरियाची एलजी, अमेरिकेची व्हर्लपूल, इटलीची फियाट असे कारखाने उभे राहिले आणि परदेश ही ऐकीव गोष्ट उरली नाही. कुणी कंपनीच्या कामाने जातो, कुणाचा मुलगा जर्मनीत शिकतो, कुणाची लेक अमेरिकेत नांदते. लेकीच्या बाळंतपणाला आई निघाली की घरात पहिला प्रश्न पडतो, बॅगेत काय भरायचे? उतराल तिथला ऋतू पाहून भरा, हे त्याचे सरळ उत्तर.

आनंदीबाईंची अडचण

हा प्रश्न मराठी घराला नवा नाही. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. फिलाडेल्फियात वैद्यकीचे शिक्षण सुरू झाले आणि हिवाळ्याने गाठले. नऊवारीचा काष्टा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. ती थंडी सोसवेना, म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती धाटणीची साडी नेसायला सुरुवात केली. वेश आपलाच ठेवला, नेसण्याची तऱ्हा हवेप्रमाणे बदलली.

शिरूर-दौंड भागातल्या कितीतरी आज्या आजही लुगडे नेसतात. त्यांना पंजाबी ड्रेस घालायला लावण्याची गरज नाही. लुगड्याच्या आत अंगाला चिकटून बसणारी थर्मल विजार, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचे थर्मल घातले की आजी तिच्या वेशातच उबदार राहते. धोतर किंवा पायजमा घालणाऱ्या आजोबांनाही हाच उपाय लागू पडतो.

थंडी थरांनी अडते

पौषात आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरला की आपण शेकोटी पेटवतो. जानेवारीत न्यूजर्सीत रात्री पारा शून्याखाली असतो, टोरंटो आणि शिकागोत तो कित्येकदा उणे दहाच्याही खाली जातो. तिथे एक जाड स्वेटर पुरत नाही. गोधडी उबदार लागते ती जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कपड्यांचेही तसेच आहे. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने ओले झाले की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडते, म्हणून थंडीत अंगालगत सुती नको.

जाड जाकीट आणि बर्फात न घसरणारे बूट इथून नेऊ नका. ते तिथे चांगले मिळतात आणि बॅगेतली जागा वाचते. घरांत हीटर चालत असल्याने हवा कोरडी होते, टाचा आणि ओठ फुटतात. त्यासाठी व्हॅसलीन हवेच.

ऋतू देशागणिक वेगळा

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर आईवडिलांना साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. म्हणजे एका मुक्कामात दोन-तीन ऋतू. एप्रिलमध्ये पोहोचलात तर संध्याकाळी स्वेटर लागेल, जुलैत आपल्यासारखा उकाडा असेल आणि परतताना पुन्हा गारवा. अशा वेळी सुती कपडे जास्त आणि लोकरीचा एक संच पुरतो.

ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे. आपल्या दिवाळीत तिथे वसंत असतो आणि जून ते ऑगस्ट हिवाळा. कोरियात जूनच्या अखेरीपासून पावसाचे दिवस आणि जानेवारीत कडाक्याची थंडी. इंग्लंडात वाऱ्यासोबत भुरभुर पाऊस येतो, तिथे छत्रीपेक्षा टोपीचे विंडचीटर कामाला येते. दुबईत उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो, पण मॉलमध्ये एसीचा गारठा असतो. तिथेही एक पातळ स्वेटर जवळ ठेवावा.

खाऊ आणि माती

लेकीसाठी मेतकूट, भाजणी, मसाला, पापड नेताना आईचा हात आखडत नाही. पण प्रत्येक देशाचे कायदे वेगळे आहेत. खापरा किडीच्या भीतीने अमेरिका भारतातला तांदूळ सामानातून येऊ देत नाही. ताजी फळे आणि कढीपत्ताही नाही. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बंद, म्हणून जर्मनीला पेढे आणि तूप नेऊ नका. दुबईत आणि सिंगापुरात खसखस बेकायदा आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवर आपल्याच विमान सुरक्षा विभागाने 2022 मध्ये चेक-इन सामानात बंदी घातली, कारण तेलामुळे खोबरे पेट घेऊ शकते. जे नेता ते जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो.

आपल्यासारख्या शेतकरी घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत उतरताना शेतावर किंवा गोठ्यात गेला होतात का, असे विचारतात. मातीतून आणि शेणातून रोग पसरतात हे त्याचे कारण. गोठ्यातल्या चपला घरीच ठेवा, बुटांचे तळवे घासून धुवा. वढूच्या समाधीस्थळाची माती मुलासाठी न्यावी, असे एखाद्याला मनापासून वाटेल, पण परवान्याशिवाय माती नेता येत नाही. ती इथेच कपाळाला लावून निघावे.

हातातली पिशवी

औषधे कायम हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि औषधाचे मूळ नाव. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. पॉवर बँकही हातातच. द्रव पदार्थाची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी नको. स्वेटर, मोजे आणि कानटोपी वरच ठेवा, कारण गारठा विमानातच सुरू होतो. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलोची मर्यादा ठेवतात, तिकिटावर पाहून घरीच काट्यावर वजन करा.

निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांना फोन करून तिथल्या हवेचा अंदाज विचारा. आईवडिलांना परदेशी बोलावणाऱ्या मुलांनाही एक विनंती आहे. तिकिटाबरोबर त्यांच्या मापाचे थर्मल आणि मोजेही आधीच घेऊन द्या. खाऊचा एखादा डबा कमी आला तरी चालेल, आईवडील तिथे आजारी न पडता राहिले पाहिजेत.