महिन्याला सात सेंट

लॅपटॉपच्या साध्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. त्यातला एक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, डोळे फाडून पाहिलं तरी सापडत नाही. ‘कुकी स्टफिंग’ करणारे नेमकं एवढंच चित्र पानात लपवतात. आपण पान उघडलं की ते चित्र गुपचूप दुकानाच्या साइटला हाक मारतं आणि ब्राउझरमध्ये एक खूण, म्हणजे कुकी, येऊन पडते : हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं. आपण कशावरही क्लिक केलेलं नसतं. चार दिवसांनी स्वतःच्या मनाने त्या दुकानातून काही घेतलं, की दलाली त्या अमक्याला.

अमेरिकेत शॉन होगन हा ईबे या ऑनलाइन बाजाराचा पहिल्या क्रमांकाचा अफिलिएट, म्हणजे गिऱ्हाईक पाठवून दलाली घेणारा, होता. ईबेने त्याला दलालीपोटी एकूण सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर दिले. २००८मध्ये कंपनी कोर्टात गेली. ईबेचं मुख्यालय सॅन होजेत आणि दलालीचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीचं सांता बार्बरात. आरोप असा होता, की पाहणारा या दोन शहरांतला दिसला तर होगनचा कोड खूण टाकतच नसे. म्हणजे ज्यांना चोरी कळू शकली असती, तेवढ्यांनाच वगळलं होतं! पुढे फौजदारी खटल्यात होगनने गुन्हा कबूल केला. २०१४मध्ये शिक्षा झाली पाच महिन्यांची.

मला यात ईबेपेक्षा जास्त वाईट वाटतं ते रात्र जागून एखाद्या कॅमेऱ्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या माणसाचं. त्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक गेलेलं असतं. पण बहुतेक ठिकाणी शेवटची खूण ज्याची, दलाली त्याची. मधेच कुणी आपली खूण टाकली की याची मेहनत पुसली जाते, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

एस्टोनियातल्या एका टोळीने तर क्लिकच पळवले. त्यांचा ‘डीएनएसचेंजर’ हा व्हायरस संगणकाच्या हातात इंटरनेटच्या पत्त्यांची खोटी डिरेक्टरी द्यायचा. सर्चमध्ये अॅपलच्या आयट्यून्सची लिंक दाबली, की माणूस भलत्याच दुकानात पोचायचा. वर्तमानपत्राच्या पानावरची खरी जाहिरात झाकून तिथे टोळीची जाहिरात झळकायची. प्रत्येक क्लिकचे पैसे टोळीला, भुर्दंड जाहिरातदारांना. शंभराहून अधिक देशांतले ४० लाखांवर संगणक, ‘नासा’चेसुद्धा, या जाळ्यात होते. २००७ ते २०११ या काळात कमाई किमान १ कोटी ४० लाख डॉलर.

भागाकार करून बघा. दर संगणकामागे साडेतीन डॉलर, तेही चार वर्षांत. महिन्याला सात सेंट. तेव्हाच्या दराने जेमतेम साडेतीन रुपये. एवढ्यासाठी पोलिसात कोण जाणार? या धंद्याचं सगळं बळ या साडेतीन रुपयांत आहे.

नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयच्या तपासानंतर एस्टोनियाच्या पोलिसांनी टोळी पकडली, पण खोट्या डिरेक्टरीचे सर्व्हर लगेच बंद करता येईनात. लाखो लोकांचं इंटरनेट त्यांच्यावरच चाललं होतं. कोर्टाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर बसवले, मुदत दिली, ती वाढवली, सूचना दिल्या. ९ जुलै २०१२ला अखेर ते बंद झाले, तेव्हाही दोन लाखांहून जास्त संगणक त्याच डिरेक्टरीकडे पत्ते विचारत होते.